गरम पाण्याच्या कुंडावर पिशव्या कोण सांभाळतं?



कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्याकडे प्रवासाचे बेत सुरू होतात. चातुर्मासात चार महिने घरी बांधलेले पाय मोकळे होतात. कुणी पालिताण्याचं तिकीट काढतं, कुणी नाकोड्याचं, कुणाचा तीन वर्षं रखडलेला शिखरजीचा संघ अखेर ठरतो. सगळ्यांना शुभेच्छा. पण आज मला एका लहान प्रवासाबद्दल लिहायचं आहे. त्याला आरक्षण लागत नाही, सुटी टाकावी लागत नाही आणि संध्याकाळी घरी येऊन चौविहार करता येतो. तो म्हणजे तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांचा.

माझं मत आधीच सांगते. आपण बायकांनी तिथे जावं. पुण्य मिळवायला नाही आणि घरच्यांची सहल सांभाळायलाही नाही. स्वतःचे दुखरे पाय शेकायला जावं, आणि जाताना साबण घरी ठेवावा.

गोडदेवहून हे ठिकाण किती जवळ आहे हे आपल्यातल्या अनेकींना माहीत नसतं. लोकलने गेलं तर भाईंदरपासून विरार चौथं स्टेशन. विरारहून आणि वसईहूनही वज्रेश्वरीकडे बस जातात. गाडी असेल तर काशिमिऱ्याहून महामार्गाला लागायचं, वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडायचा आणि शिरसाड फाट्याला अंबाडीच्या रस्त्याला वळायचं. शिरसाडच्या महावीर धामला तर आपल्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या आहेत. दर्शन, भोजनशाळेत जेवण, थोडी विश्रांती आणि परत. तिथून पुढे याच अंबाडीच्या रस्त्यावर वज्रेश्वरी आहे, आणि देवळापासून रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर अकलोलीची कुंडं. आणखी थोडं पुढे गेलं की गणेशपुरी. सगळं तानसेच्या काठाने.

वज्रेश्वरीच्या देवळाची गोष्ट मुलांना जरूर सांगा. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला होता. १७३९ साली वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला आणि देऊळ उभं राहिलं. गणेशपुरी प्रसिद्ध झाली ती नित्यानंद महाराजांमुळे. त्यांनी तिथेच १९६१ मध्ये देह ठेवला. त्यांच्या भक्तांची तिथे वर्षभर ये-जा असते. पण ही कुंडं या सगळ्यांच्या आधीपासून आहेत. गावातली जुनी माणसं सांगतात, देवीने राक्षसांना मारलं, त्यांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी.

शास्त्र जे सांगतं तेही तितकंच नवलाचं आहे. आपल्या कोकणच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून खोल खाली मुरतो. जमिनीत एक किलोमीटर खोल गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं आणि नदीकाठी बाहेर पडतं. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पालघरकडच्या कोकनेरपासून रत्नागिरीतल्या राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात अशा झऱ्यांची अठराएक ठिकाणं आहेत. म्हणजे आपण गीझरचं बटण दाबून जे करतो ते धरणीमाता वीजबिलाशिवाय करते आहे, आणि ते आपल्या अगदी दाराशी.

आता पुण्याचं बोलते. अकलोलीला पाय ठेवला की कुणीतरी सांगतंच, इथे डुबकी मारली की पाप धुतलं जातं. ज्यांची तशी श्रद्धा आहे त्यांना माझा नमस्कार. पण आपल्या घरात लहानपणापासून शिकवलं गेलं ते वेगळं आहे. पाण्याने कातडी धुतली जाते, कर्म नाही. आपल्या साधू-साध्वींचं अस्नान व्रत रोज डोळ्यांसमोर असतं. स्नानाने निर्जरा होत असती तर त्यांनी ते सोडलं नसतं. श्रावकांच्या चौदा नियमांत स्नान मोजलं जातं ते भोगाच्या बाजूला, धर्माच्या बाजूला नाही. रोज सकाळी नियम धारणाऱ्या मैत्रिणींनी आठवून पाहावं. या एका सहलीत तीन नियम एकदम समोर येतात: वाहन, दिशा आणि न्हाण.

म्हणूनच मला वाटतं, आपल्याला इथे एक मोकळीक आहे. आपल्याला पुण्याची सबब लागत नाही. आपल्या समाजात बाईला घराबाहेर एक दिवस काढायचा असेल तर कारण बहुधा धर्माचं लागतं. दर्शनाला चालले, महासतीजींच्या वंदनाला चालले, पारण्याला चालले. ही कारणं खोटी नसतात, पण त्यांच्या आड बऱ्याचदा एक साधी गोष्ट दडलेली असते. ती बाई थकलेली असते. तिला बसायचं असतं. हे सरळ सांगायला काय हरकत आहे? ‘माझे गुडघे दुखतात, मी गरम पाण्यात पाय बुडवून बसायला चालले आहे.’ एवढं वाक्य स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणता आलं पाहिजे.

गरम पाण्याच्या झऱ्याचा आपल्या आगमाशी फार जुना संबंध आहे. भगवती सूत्राच्या दुसऱ्या शतकात, पाचव्या उद्देशकात, राजगृहाजवळच्या गरम झऱ्याची चर्चा येते. राजगृह म्हणजे आजचं राजगीर. आगाशीला ज्यांचं दर्शन आपण घेतो त्या मुनिसुव्रत स्वामींचं जन्मस्थान, आणि भगवान महावीरांचे राजगृह-नालंदा परिसरात चौदा चातुर्मास झाले. वैभारगिरीच्या पायथ्याशी आजही गरम पाण्याची कुंडं आहेत आणि लोक तिथे स्नानाला गर्दी करतात. गौतम स्वामी विचारतात की इतर मतांचे लोक या पाण्याबद्दल असं असं म्हणतात, ते बरोबर आहे का? भगवान त्या झऱ्याचं नाव सांगतात, महातपोपतीरप्रभव. त्याची लांबी-रुंदी सांगतात, पाचशे धनुष्य. आणि मग सांगतात की तिथे उष्णयोनिक जीव आणि पुद्गल पाणीरूपाने उत्पन्न होत असतात, च्यवत असतात.

उष्णयोनिक, म्हणजे उष्णतेतच ज्यांचा जन्म होतो असे जीव. हा शब्द मी पहिल्यांदा स्थानकात व्याख्यानात ऐकला आणि घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिला. आपल्यापैकी पुष्कळ जणी धरून चालतात की गरम पाणी म्हणजे अचित्त पाणी. घरच्या पातेल्यात तीन उकळ्या आलेलं पाणी अचित्त होतं, कारण थंड पाण्यातल्या जीवांसाठी अग्नी हे शस्त्र ठरतं. पण ज्यांची योनीच उष्ण, त्यांच्यासाठी ती उष्णता घर आहे. कुंडातलं पाणी वाफाळत असलं तरी ते सचित्तच.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. उकळलेल्याच पाण्याचा नियम असणाऱ्यांनी कुंडातून बाटली भरू नये. घरून नेलेलं पाणी हिवाळ्यात चार प्रहर चालतं, तेवढं दिवसाला पुरतं. खरं तर नियम असो वा नसो, कुणीच ते पाणी पिऊ नये. उघड्या कुंडात शंभर माणसं उतरलेली असतात.

विज्ञानाला हे बरंच उशिरा दिसलं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला ७० अंशांच्या आसपास मजेत जगणारे जिवाणू मिळाले. त्यांतल्याच एका जिवाणूचं उष्णता सोसणारं द्रव्य पुढे पीसीआर तपासणीत वापरलं गेलं. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून ज्या तपासण्या करून घेतल्या त्यांचं मूळ असं एका गरम झऱ्यात आहे. यावरून ‘बघा, आमच्या आगमात आधीच सांगितलं होतं’ अशी शेखी मिरवायची मला गरज वाटत नाही. अप्काय जीव आणि जिवाणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हीकडून शिकवण एकच मिळते: गरम आहे म्हणून ते पाणी निर्जीव समजून वाटेल तसं वापरू नका.

आणि वापर कसा होतो ते तिथे गेलेल्या प्रत्येकीने पाहिलं आहे. अंगाला साबण, डोक्याला शाम्पू, कपड्यांना निळ्या वडीचा साबण. शाम्पूच्या रिकाम्या पुड्या दगडांच्या फटीत. हा सगळा फेस चार पावलांवरच्या तानसेत उतरतो. नदीत मासे आहेत, बेडूक आहेत, शेवाळाला धरून राहणारे असंख्य त्रस जीव आहेत. याच तानसेवर वरच्या अंगाला १८९२ साली बांधलेलं धरण मुंबईला पाणी पाजतं. आपल्या भाईंदरच्या बायकांना पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. टाकीत पाणी नाही असं वॉचमनने सांगितलं की कुठली बादली कशासाठी राखायची हे आपल्याला तोंडपाठ असतं. घरी एक तांब्या जपून वापरणाऱ्या आपण नदीवर गेल्यावर मोकळ्या हाताच्या का व्हाव्यात?

इथे काही मैत्रिणी विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे: मग जायचंच कशाला? कुंडात उतरणं ही अप्कायाची विराधनाच ना? हो, आहे. पूर्ण यतना म्हणजे न जाणं. ज्यांनी तसा नियम घेतला आहे त्यांची मी अनुमोदना करते आणि त्यांना आग्रह करणार नाही. पण आपण गृहस्थ आहोत. रोज सकाळी गीझरचं पाणी, शॉवर, फ्लश, वॉशिंग मशीन हे सगळं चालू असताना नदीकाठी मात्र एकदम साध्वी होणं हा हिशेब मला पटत नाही. श्रावकाचा धर्म मर्यादेचा आहे. पाय गुडघ्यापर्यंत बुडवून दहा मिनिटं शांत बसणं, साबण न लावणं, पाणी न उडवणं, उड्या न मारणं, दिवा-फूल-नारळ पाण्यात न सोडणं, ही मर्यादा आपल्याला पाळता येते. तेवढी पाळणारी माणसं तिथे वाढली तर कुंडांचंही भलं होईल.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येते.

गरम पाण्याच्या कुंडावर एखाद्या रविवारी नुसतं काठावर उभं राहून पाहा. पाण्यात कोण असतं? पुरुष आणि पोरं. काठावर कोण असतं? बायका. एकीच्या मांडीवर टॉवेल, दुसरीच्या हातात तीन मोबाइल आणि नवऱ्याचं पाकीट, तिसरी डबे उघडून प्लेट लावते आहे. तिघींनाही पाठदुखी, गुडघेदुखी, टाचदुखी. ज्यांना त्या पाण्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्या कोरड्या आणि ज्यांना काहीच दुखत नाही ते तासभर पाण्यात!

याला कारणं दोन. एक कारण व्यवस्थेचं. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन मी ज्या कुंडावर गेले तिथे कपडे बदलायला आडोसा नव्हता. दोघींनी साडी धरायची आणि तिसरीने मागे उभं राहून बदलायचं, तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढे. त्या म्हणाल्या, ‘राहू दे गं, मी आपली पायच बुडवते.’ आणि घाटाच्या पायरीवर साडी पोटरीपर्यंत सावरून बसल्या. शेजारी उड्या मारणाऱ्या मुलांचं पाणी अंगावर येत होतं तरी त्या उठल्या नाहीत. वीस वर्षांत त्यांना इतका वेळ एका जागी बसलेलं मी सामायिकातच पाहिलं आहे.

आजूबाजूला पैसे घेऊन बंद खोलीत कुंडाचं पाणी देणारी स्नानगृहंही असतात. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावीत. पण जे पाणी जमिनीतून फुकट येतं त्यात उतरण्यासाठी बाईलाच दरवाजा विकत घ्यावा लागतो हे बरोबर नाही. पक्का आडोसा, त्याला आतून लागणारी कडी, घट्ट धरता येईल असा पायऱ्यांचा कठडा आणि दिवसातले काही तास एखादं कुंड फक्त बायकांसाठी. ही मागणी फार मोठी नाही. आपल्या समाजातले दानशूर लोक पाणपोया बांधतात, बाकडी देतात, पांजरापोळांना गवत पुरवतात. नदीकाठच्या एका आडोशाचा विचारही त्यांनी करावा. फरशीवर नाव कोरायचं असेल तर खुशाल कोरावं.

दुसरं कारण मात्र आपल्या घरातलं आहे आणि ते कुठलाही कठडा बांधून जाणार नाही. सहल निघते तेव्हा आपण सामान होऊनच निघतो. पहाटे चारला उठून थेपले, बटाट्याशिवायची भाजी, दह्याच्या मिरच्या, मुलांचे जादा कपडे, सासऱ्यांच्या गोळ्या. तिथे पोहोचेपर्यंत आपण पाण्याच्या आधीच गळालेल्या असतो. मग काठावर बसणं हीच आपली विश्रांती ठरते. घरच्यांचं प्रेम नाही असं मी म्हणत नाही. त्यांना दिसत नाही, कारण आपण कधी सांगितलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की एकदा बायका-बायकांनीच जाऊन या. रविवार नको, पौर्णिमा-अमावस्या नको, देवीच्या जत्रेचे दिवस नकोत. मधल्या वारी, पाच-सहा जणींनी. त्यात दोन तरी सत्तरीच्या असाव्यात. त्यांना कुणी नेत नाही. घरी पुरुषांसाठी डब्याची सोय करून ठेवायला हरकत नाही, पण पाच वेळा फोन करून ‘तूप कुठे आहे’ विचारायचं नाही, हे आधी ठरवून घ्या. बरोबर खाणं कमी न्या. खाकरे, चटणी, घरचं पाणी बास. नवकारसी पाळून निघालात तरी दुपारच्या आत पोहोचता आणि सूर्यास्ताच्या आत गोडदेव नाक्यावर परत.

काही काळजी मात्र घ्या. उपवास असेल त्या दिवशी जाऊ नका. रिकाम्या पोटी गरम पाण्यात बसून उठलं की चक्कर येते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि गरोदर मैत्रिणींनी तर उतरूच नये. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर चटका कळत नाही, म्हणून दुसरीने हात घालून पाणी पाहावं. एकाच कुंडसमूहात सगळी कुंडं सारखी गरम नसतात, काहींचं पाणी ४० अंशांच्या बरंच पुढे असतं. दहा मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या, मग हवं तर पुन्हा. डोकं बुडवू नका, मुलांनाही बुडवू देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. आजार क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. जखम असेल तर नको. आणि चांदीची जोडवी-पैंजण घरी काढून ठेवा. पाण्याला गंधकाचा वास असतो, त्याने चांदी काळी पडते.

हंगाम कार्तिकी पौर्णिमेपासून होळीपर्यंतचा. पावसाळ्यात तानसा फुगते आणि पात्रालगतची कुंडं नदीच्या पाण्याखाली जातात. तेव्हा आपला चातुर्मास चालू असतो, म्हणजे जायचा प्रश्नच येत नाही.

कुणी विचारलं, ‘तिथे आहे काय एवढं?’ तर सांगा, काही नाही. एक छोटी नदी, काळे दगड, गंधकाचा वास आणि गरम पाणी. आपण आयुष्यभर घरातल्या सगळ्यांसाठी पाणी गाळतो, उकळतो, गार करतो, भरून ठेवतो. कुणी आपल्यासाठी पाणी तापवून ठेवलं आहे असं एकच ठिकाण जवळपास आहे. ते फुकट आहे आणि शिरसाडच्या थोडंसंच पुढे आहे. त्या पाण्यातल्या जीवांची जाण ठेवून, हळूच पाय बुडवून, एकदा बसून या. पिशव्या गाडीत राहू द्या.

जय जिनेंद्र.